गणिताचे प्राध्यापक आणि बायकांचे दिवस

संक्रांतीच्या दिवसांत मला गावोगावच्या बचत गटांची हळदीकुंकवाची बोलावणी असतात. दोन-तीन वर्षांपूर्वी अशीच जिंतूर तालुक्यातल्या एका गावी गेले होते. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं, बायका उखाण्यांवर हसत होत्या. ओट्याच्या कोपऱ्यात मात्र एक पंचविशीतली पोर मान खाली घालून बसली होती. मांडीवर नऊ-दहा महिन्यांचं अंगावर पिणारं लेकरू. गटाच्या अध्यक्षाबाई मला हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या की ताई, हिच्या घरात जरा बोला, प्रकरण वाईट थराला गेलंय.

प्रकरण असं होतं. तिला पुन्हा दिवस गेले होते. पहिल्या बाळंतपणानंतर पाळी आलीच नव्हती, त्यामुळे दिवस राहतील हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. नवरा पुण्याला बांधकामावर. दसऱ्याला आला नाही, दिवाळीला आठ दिवस येऊन गेला. आता सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलं होतं तेरा आठवडे. सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला, तर मुलगा घरी आल्याला झाले होते अकराच आठवडे. मधले दोन आठवडे कुठून आले? तेवढ्या दोन आठवड्यांपायी त्या पोरीला माहेरी धाडायचं चाललं होतं.

त्या दोन आठवड्यांचं उत्तर सांगते. पण मैत्रिणींनो, त्याआधी त्या ओट्यावर बसून मला ज्या माणसाची आठवण झाली, त्याच्याबद्दल सांगू द्या. रघुनाथ धोंडो कर्वे. आपल्याकडे कर्वे म्हटलं की महर्षी आठवतात, हिंगण्याची संस्था आठवते, विधवांचं शिक्षण आठवतं. शाळेत आपण सगळ्यांनी ते पाठ केलंय. त्यांच्या थोरल्या मुलाचा धडा मात्र मला तरी कधी नव्हता. बी.ए.ला मराठी घेऊनसुद्धा मला र. धों. कळले ते लग्नानंतर, अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ पाहिला तेव्हा. तो चित्रपट 2001 साली आला. त्यानंतर मिळेल तिथून त्यांच्याबद्दल वाचत गेले.

रघुनाथरावांचा जन्म 14 जानेवारी 1882चा. कोकणातल्या मुरूडचं हे घराणं. आई राधाबाई 1891 साली बाळंतपणात गेल्या. तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता. वडिलांनी दोन वर्षांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि मुरूडकरांनी घराला वाळीत टाकलं. आई बाळंतपणात गेली म्हणूनच हा मुलगा पुढे त्या कामाकडे वळला, असं जोडून टाकायचा मोह होतो. पण माणसाचं आयुष्य इतकं सरळ नसतं. एवढं मात्र खरं की बाळंतपण म्हणजे काय आणि समाजाविरुद्ध जाणं म्हणजे काय, या दोन्ही गोष्टी त्याने घरातच, लहान वयात पाहिल्या.

हुशारी अशी की 1899 साली मॅट्रिकला हा मुलगा पहिला आला. फर्ग्युसनमधून 1904 साली बी.ए. झाला. वडील गणिताचे प्राध्यापक, मुलगाही गणिताचाच. पुढे 1919 साली गणिताच्याच शिक्षणासाठी पॅरिसला गेला. परत येऊन मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागला. नोकरी प्रतिष्ठेची, पगार बरा. इथेच कुणी थांबलं असतं, तर त्याला कुणी नावं ठेवली नसती.

पण 1921 साली या गणिताच्या प्राध्यापकाने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. भारतातलं असं हे पहिलंच. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनला मेरी स्टोप्स बाईंनी इंग्लंडमधलं पहिलं केंद्र उघडलं होतं, म्हणजे आपली मुंबई या बाबतीत विलायतेच्या फार मागे नव्हती. केंद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाटी, रांग आणि नर्सबाई येतात. इथे नवरा आणि बायको, रघुनाथराव आणि मालतीबाई, एवढाच कारभार होता. मूल केव्हा हवं आणि किती हवीत हे ठरवता येतं, त्यासाठी साधनं असतात, ती कशी वापरायची, हे ते सांगत. साधनं म्हणजे बाईसाठी रबरी टोपी, पुरुषासाठी रबरी पिशवी. (आपण जिला निरोध म्हणतो, तिचं हे नाव सरकारने 1968 साली ठेवलं.) 1923 साली त्यांनी संततिनियमनावर मराठीत पुस्तकही काढलं. आणि स्वतःच्या घरात दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. त्या काळात एका बाईने असं ठरवणं म्हणजे प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला प्रश्नांना तोंड देणं. मालतीबाईंनी ते कसं निभावलं असेल, याचा विचार मी रघुनाथरावांच्या खटल्यांपेक्षा जास्त करते. चरित्रं नवऱ्यांची लिहिली जातात.

आता एक गंमत ऐका. 1921 साली, म्हणजे हे केंद्र निघालं तेव्हा, बाईला दिवस नेमके महिन्यातल्या कुठल्या दिवसांत राहतात हे जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही नीट माहीत नव्हतं! पुष्कळांचा समज असा की पाळीच्या अलीकडे-पलीकडे दिवस राहतात आणि मधला काळ सुरक्षित. म्हणजे बरोबर उलटं. त्या सल्ल्यावर चाललेल्या किती बायकांची फसगत झाली असेल, देव जाणे. जपानमध्ये ओगिनो नावाच्या डॉक्टरने 1924 साली बायकांच्या पाळीच्या नोंदी ठेवून खरा हिशेब मांडला. दोन-चार वर्षांनी ऑस्ट्रियात क्नाउस नावाचे डॉक्टरही स्वतंत्रपणे त्याच उत्तराला आले. उत्तर असं की बीजांड सुटतं ते पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी. मागच्या पाळीपासून पुढे मोजायचं नाही, पुढच्या पाळीपासून मागे मोजायचं. अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणारीचं बीजांड चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, पस्तीस दिवसांनी येणारीचं एकविसाव्या. सगळ्यांना सरसकट चौदावा दिवस लावून चालत नाही.

असं का, हे आपण समजून घेऊ या. मला स्वतःला ते पस्तिशीनंतर कळलं, तोवर दोन बाळंतपणं होऊन गेली होती.

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या दोन बीजकोशांत दहा लाखांहून जास्त कच्ची बीजं असतात. नवीन तयार होत नाहीत. त्यांतली आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती चारशे-साडेचारशे. हा सगळा कारभार चालतो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीवरून. तिला पिट्युटरी म्हणतात. तिच्यावर मेंदूचा हुकूम चालतो, म्हणून तर मोठं दुःख, उपासमार, अतिश्रम, थायरॉईड यांचा पाळीवर परिणाम होतो. पाळी सुरू झाली की ही ग्रंथी रक्तातून बीजकोशाला निरोप धाडते की बीज पिकवायला घे. या निरोपालाच हॉर्मोन म्हणायचं. आपल्या भाषेत संप्रेरक. बीज पिकू लागलं की त्याच्या भोवतालचा कोश इस्ट्रोजेन नावाचं दुसरं हॉर्मोन सोडतो. त्याने पिशवीचं अस्तर जाड होतं, शेतात पेरणीआधी मशागत करावी तसं. इस्ट्रोजेन पुरेसं वाढून दोनेक दिवस टिकलं की ग्रंथीला कळतं, इकडे तयारी झाली. मग ती एलएच नावाच्या हॉर्मोनची एकदम मोठी लाट सोडते आणि त्यानंतर दीडेक दिवसात बीजांड सुटतं. ते जगतं जेमतेम बारा ते चोवीस तास. पुरुषबीज मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतं. म्हणून दिवस राहण्याचा काळ सुटण्याआधीच्या पाच दिवसांपासून सुटण्याच्या दिवसापर्यंतचा.

बीजांड गेल्यावर रिकामा कोश वाया जात नाही. तो पिवळसर होतो आणि प्रोजेस्टेरॉन सोडू लागतो. ते अस्तर सांभाळून ठेवतं. गर्भ रुजला, तर गर्भाकडून निरोप येतो आणि कोश काम चालू ठेवतो. नाही रुजला, तर साधारण दोन आठवड्यांत कोश सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर गळून पडतं. तीच पाळी. कोशाचं आयुष्य जवळपास ठरलेलं, म्हणून मागचे चौदा दिवस सहसा फार हलत नाहीत. लांबतो किंवा आखडतो तो बीज पिकण्याचा पुढचा काळ. पण पुढची पाळी कधी येणार हे आधी कुणाला ठाऊक असतं? त्यामुळे नुसत्या कॅलेंडरवर भरवसा ठेवू नका, विशेषतः पाळी अनियमित असेल तर.

याच जागी आपल्याकडच्या एका दुखऱ्या गोष्टीबद्दल बोलायला हवं. आपल्या गंगाखेड-सोनपेठकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका पाळीची कटकट नको म्हणून पिशवी काढून घेतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 साली सरकारी समितीने बघितलं, तेव्हा 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवी ही नुसती जागा आहे, हॉर्मोन बनवतात ते बीजकोश. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर तिशीतल्या बाईचं इस्ट्रोजेन एकाएकी बंद होतं. अंगाची लाही, झोप नाही, हाडं ठिसूळ. तेव्हा नेमकं काय काढणार आणि का, हे सही करण्याआधी विचारायचंच.

पुन्हा र. धों. यांच्याकडे येते. कॉलेज मिशनऱ्यांचं होतं. प्राध्यापकाने असलं काम करावं हे तिथे रुचलं नाही, आणि 1925 साली त्यांची नोकरी गेली. त्यांनी काम सोडलं नाही, नोकरी सोडली. पंचेचाळिसाव्या वर्षी, जुलै 1927मध्ये, ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक सुरू केलं. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र असायचं. मी ती चित्रं छापलेली पाहिलीत, आणि खरं सांगते, आजही माझ्या घरच्या टीपॉयवर ते मासिक ठेवायला मी कचरले असते. आत मात्र चावट असं काही नाही. शरीर, गुप्तरोग, संततिनियमन, आहार, बुद्धीला न पटणाऱ्या रूढी. आणि वाचकांचे प्रश्न. लोक लाजेपायी जे डॉक्टरलाही विचारत नसत, ते या मासिकाला पत्राने विचारत, आणि संपादक सरळ उत्तर देत.

त्यांची सगळीच मतं मला पटतात असं नाही. स्त्री-पुरुष संबंधांबद्दल ते इतके मोकळे की संसारी बाईला वाचताना ठसका लागावा. लिहिण्यात ओलावा कमी, टोचणी जास्त. पण एक गोष्ट मला फार मोठी वाटते. बाईलाही शरीरसुखाची इच्छा असते आणि तिचा तिच्यावर हक्क असतो, हे त्यांनी त्या काळात मराठीत लिहिलं. आपण अजून ते आपल्या सख्ख्या बहिणीशी बोलत नाही.

सनातनी मंडळी गप्प बसणार थोडीच! 1931 साली व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखावरून अश्लीलतेचा खटला झाला. शंभर रुपये दंड. 1934 साली दुसरा खटला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांची मांडणी साधी होती. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून कुठलंही लिखाण अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनातल्या विकृत समजुती ज्ञानानेच जातील. खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला. त्याच 1934 साली युरोपातल्या शास्त्रज्ञांनी प्रोजेस्टेरॉन शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. इस्ट्रोजेनच्या जातीचं पहिलं हॉर्मोन त्याआधी 1929 साली हाती आलं होतं. तिकडे प्रयोगशाळेत बाईच्या शरीराची किल्ली सापडत होती, आणि इकडे त्या शरीराबद्दल बोलणाऱ्याला कोर्टात उभं केलं जात होतं.

समोर विरोधक साधेसुधे नव्हते. महात्मा गांधींचाही साधनांना विरोध, त्यांचा भर संयमावर. अमेरिकेच्या मार्गारेट सँगर बाई 1935च्या डिसेंबरात वर्ध्याला जाऊन गांधीजींशी या विषयावर बोलल्या, तरी मत बदललं नाही. 1938 साली बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. सोबतीला थोडी माणसं होती. रँग्लर परांजप्यांची मुलगी शकुंतला परांजपे त्यांतली मोठी. चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे यांच्या त्या आई. र. धों. यांच्यानंतरही त्यांनी हे काम वर्षानुवर्षं चालवलं, पुढे राज्यसभेतही गेल्या.

हे सगळं मुंबई-पुण्याकडे चाललं होतं तेव्हा आपली परभणी निजामाच्या राज्यात होती. माझी आजी सेलूची. तिची नऊ बाळंतपणं झाली, जगली चार. ती मोजायची ते मेलेल्यांसकट, आणि प्रत्येकाचं नाव घ्यायची. मासिक, कोर्ट, ठराव यांतलं काही तिच्यापर्यंत पोचलं नाही. पोचलं असतं तरी तिला अक्षरओळख नव्हती. नवव्या वेळी ती मरता मरता वाचली, आणि त्यानंतर आजोबांनी म्हणे माळवदावर झोपायला सुरुवात केली. त्यांचं कुटुंबनियोजन ते.

र. धों. यांनी ‘समाजस्वास्थ्य’ जवळजवळ एकहाती सव्वीस वर्षं चालवलं. पैसा नव्हता, जाहिराती नव्हत्या, मान तर नव्हताच. 1952 साली स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, म्हणजे ज्या कामापायी त्यांची नोकरी गेली तेच काम सरकारी झालं. पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1953ला, ते गेले. त्यांच्याबरोबर मासिकही संपलं. वडील तेव्हा पंचाण्णव वर्षांचे. त्यांना 1958 साली भारतरत्न मिळालं, आणि ते मुलाच्या मागे आणखी नऊ वर्षं जगले.

1960 साली अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली. ती गोळी वर सांगितलेल्या निरोपांवरच चालते. रोज थोडं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध पोटात गेलं की पिट्युटरी एलएचची लाटच सोडत नाही, मग बीजांड सुटत नाही. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शनही बीजांड सुटणं थांबवतं. छाया गोळीत मात्र हॉर्मोन नसतं, ती लखनौच्या आपल्या संशोधन संस्थेत तयार झालेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची, मग एकदा. कुणाला काय चालेल हे डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आता ते दोन आठवडे. मी सासूबाईंना भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणायला सांगितलं. त्यांना म्हटलं, बाळ अंगावर पीत असताना एका हॉर्मोनमुळे बीजांड सुटणं लांबतं, पण ते कायमचं नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त आईच्या दुधावर, आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तोवरच त्याचा भरवसा. तुमच्या नातवाला तर दिवाळीत पेज सुरू झाली होती. आणि बाळंतपणानंतर बीजांड आधी सुटतं, पाळी त्याच्यानंतर दोन आठवड्यांनी येते. हिचं पहिलंच बीजांड दिवाळीत सुटलं, मग पाळी येणार कशी? राहिला कागदावरचा हिशेब. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे मोजतात ते दिवस राहिल्यापासून नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. ती जुनी रीत आहे, सोनोग्राफीचं यंत्रही तीच रीत धरून चालतं. म्हणजे दिवस राहतात तेव्हाच कागदावर दोन आठवडे झालेले असतात. तेरातून दोन वजा करा, आजी.

त्यांनी कालनिर्णय मांडीवर घेतलं. अंगठ्याने बोटांची पेरं मोजत एकेक आठवडा मागे गेल्या. दोनदा मोजलं. अकराव्या पेरावर अंगठा लक्ष्मीपूजनाच्या चौकटीशी थांबला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सुनेच्या मांडीवरचं लेकरू उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि मला विचारलं की त्यांचा स्वतःचा तिसरा मुलगा, थोरल्याच्या पाठोपाठ पाळी न येता झालेला, त्याच्या वेळी त्यांच्या सासूने वर्षभर अबोला धरला होता, तेही असंच असेल का.